खिडकीकडची खुर्ची

५ मे, सोमवार

आले बाई एकदाची आखातात! खलिफा सिटीतल्या माझ्या घराला कंपनी स्टुडिओ म्हणते. आमच्या भाषेत ती एक खोली आणि मोरी. पण बाल्कनी आहे, आणि विमानतळ जवळ असल्यामुळे विमानं इतकी खालून जातात की पोटातली चाकं बाहेर येताना दिसतात. सामान लावायचं सोडून दर विमानाला मी बाहेर धावत होते. शेवटी शेजारच्या बाल्कनीतली बाई हसायला लागली, तेव्हा ओशाळून आत आले. आपण नवीन आहोत हे कुणाला कळू नये असं मला फार वाटतं, आणि नेमकं तेच आधी कळतं.

संग्रहालय शहराबाहेर आहे, वाळूत. एका हौशी शेठने जमवलेली जुनी विमानं, दोन मोठे हँगर, एक कॅफे. देणगीदार जमवायचे आणि सांभाळायचे हे माझं काम. पुण्यात एका हॉस्पिटलसाठी मी हेच करत होते. माझ्या बॉस मृणालिनीताई पुण्याच्याच, पण इथे मुरलेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मोजकं बोलणं. मॅडम नको, ताई म्हण, असं पहिल्याच भेटीत म्हणाल्या. मी खूश.

माझ्याकडे सोपवलेलं विमान इथलं सगळ्यात लहान आहे. दोन पंख्यांचं. तेलकंपनीच्या लोकांना सकाळी बेटावर न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हीच त्याची जन्मभराची फेरी. थोडक्यात, आकाशातली एसटी. वाकून आत शिरायचं. डावीकडे एकेक खुर्ची, उजवीकडे दोन-दोन. इंजिनं केव्हाच काढून नेलीत, तिथे पत्रे ठोकलेत. त्याची डागडुजी करणारा जहूर पेशावरचा. तो म्हणाला, ‘‘मॅडम, ये अब खलास. कहीं नहीं जाता, आराम करता है.’’

८ मे, गुरुवार

ताईंची योजना ऐकून मी मनातल्या मनात टाळी दिली. या छोट्या विमानाची एकेक खुर्ची एकेका देणगीदाराने दत्तक घ्यायची आणि त्यावर आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाची पितळी पट्टी लावायची. सुरुवात मराठी मंडळींपासून, कारण आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. खरंच आहे ते. आमच्या गावच्या देवळात पंख्याच्या प्रत्येक पात्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून लिहिलंय. पंखा सुरू झाला की सगळे आजोबा एकमेकांत मिसळतात. ज्याला जिवंतपणी कुणी बसायला पाट दिला नाही, त्याच्याही नावाचं बाकडं असतं.

नियम एकच, माणूस गेलेला हवा. जिवंत माणसाचं नाव लावायचं नाही, असं ताईंनी बजावलं.

दुपारी बोटिम अ‍ॅपवर बाबांचा फोन आला. मी हँगरच्या मागे उन्हात जाऊन घेतला. गावचं बोलणं ऑफिसात कुणाच्या कानावर पडू नये म्हणून, उगाच कशाला खोटं लिहू. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं इथेच, मुसफ्फात, एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करण्यात घालवली. कामगारांच्या कॅम्पातल्या एका खोलीत बंकवर झोपले आणि मला रत्नागिरीला इंग्रजी शाळेत घातलं. आता गावी सुपारीच्या चार झाडांशी बोलत बसतात. पोर विमानाच्या हापिसात लागली म्हणून वाडीभर सांगून झालंय. मुसफ्फात त्यांचं ते मल्याळ्याचं हॉटेल अजून आहे का, हे बघून ये म्हणाले. टॅक्सीने इथून काहीच लांब नाही. बघते म्हटलं.

मग हळूच त्यांनी एक मागणं मागितलं. इतक्या वेळा विमानाने गेले-आले, पण कायम मधली जागा. खिडकी मागायची असते हेच त्यांना कुणी सांगितलं नाही. ‘‘बाय, तुज्या विमानात मला एकदा खिडकीशी बसव,’’ म्हणाले. मी हो म्हटलं.

१६ मे, शुक्रवार

आज ताईंच्या व्हिलावर जेवायला होते. देणगीदारांची ओळख व्हावी म्हणून बोलावलं होतं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. मंडळी सगळी पुण्या-मुंबईची, मुलं आत बसून इंग्रजीत भांडत होती.

सूर्यकांत म्हणून एक जण आहेत, बांधकाम कंपनीत फार वरच्या जागेवर. ताईंची सगळी भिस्त त्यांच्यावर. गप्पा मारण्यात पटाईत. सुट्टीवर जाणाऱ्या त्यांच्या साइटवरच्या माणसांचे किस्से सांगत होते. मुसफ्फाच्या कॅम्पातले हे कोकणातले लोक विमानात चढले की आधी चपला काढून सीटखाली नीट लावतात, मग पाय वर घेऊन पानाला बसल्यासारखी मांडी घालतात. यल्ला, चला, आता वाढा! सगळे हसले. मीही हसले.

बाबा असेच बसतात.

आणि तेवढ्यात सूर्यकांतांनी मला विचारलं, वडील काय करतात? ‘‘गेले,’’ मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. कुठे होते, असं कुणीतरी विचारलं. इथेच, एव्हिएशनमध्ये, इंजिनियर होते, म्हणाले. एकदा पाय घसरला की माणूस पार तळाशी जातो.

सूर्यकांतांनी हातातली पुरी खाली ठेवली. ताईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, की मग पहिली खुर्ची तुझ्या बाबांची, संग्रहालयातर्फे. देणगीदारांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं! मला उठून मोरीत जावं, तोंड धुवावं असं वाटत होतं. पण पानात श्रीखंड वाढलेलं होतं. मी ते खाल्लं.

१७ मे, शनिवार

दिवसभर अंथरुणात. लाज वाटते आहे, दुसरं काही नाही. स्वतःच्या जिवंत बापाला पुरीच्या घासाबरोबर मारलं.

मनाची समजूत घालायला एक गोष्ट आठवली. आमच्या आजोबांनी शेतावर कावळ्यांचा जोडा लागलेला पाहिला होता. तसं दिसलं की मरण ठरलेलं. उतारा एकच, माणूस गेल्याची खोटी बातमी धाडायची. गावचा गुरव आत्याच्या सासरी चालत गेला आणि दारात उभा राहून म्हणाला, तुझा बाप गेला. आत्या धाय मोकलून रडली. मरणाला वाटलं आपलं काम झालं. आजोबा पुढे खूप जगले. म्हणजे मी बाबांचं आयुष्य वाढवलंच म्हणायचं!

हे लिहिलं खरं. पण खाई त्याला खवखवे.

२१ मे, बुधवार

पट्टी लागली. ‘कै. भिकाजी पाष्टे यांच्या स्मरणार्थ.’ उजवीकडची, पंखाच्या मागची, खिडकीलगतची खुर्ची. ताईंनी कुठली हवी विचारल्यावर तेवढं एक मी नीट मागितलं. नावही खरं दिलं. जहूर स्क्रू पिळत होता तेव्हा मी बाहेर उभी होते. त्याने हात पुसले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, आणि अल्ला तुमच्या वडिलांना जन्नत देवो, म्हणाला. मी शुक्रिया म्हणाले.

संध्याकाळी बाबांचा फोन. कानाला दडे बसलेत म्हणाले. विमान वर चढताना बसतात तसे.

२६ मे, सोमवार

जहूरची तक्रार आहे की कुणीतरी विमानात चढून बसतं. हँगरला कुलूप घालून जातो, तरी सकाळी त्या एका खुर्चीचा पट्टा लावलेला असतो. बाकीचे सुटे लोंबत असतात. त्याला वाटतं मीच येऊन बसते. वडिलांची खुर्ची आहे, बसा ना मॅडम, फक्त पट्टा सोडून जात जा, असं तो फार मायेने म्हणाला.

मी एकदाही बसलेले नाही.

त्या खिडकीचा पडदाही आज वर होता. काचेला आतून तेलकट ठसा होता, कुणी कपाळ टेकून बाहेर पाहिल्यासारखा. मी रुमालाने पुसला.

२९ मे, गुरुवार

आईचा फोन. बाबा सुपारीत जात नाहीत. पडवीत खुर्ची ओढून बसतात, दोन्ही हात मांडीवर. ऊठ म्हटलं तर म्हणतात, अजून वरचा पट्ट्याचा दिवा गेला नाही, पट्टा कसा सोडू? जेवणही तिथेच मागतात. आई हसत सांगत होती, पण नेहमीचं हसणं नव्हतं ते.

विमानात गेले होते. तिथे बाम आणि जळक्या लोखंडाचा वास येतो. बाबा सुट्टीवर घरी आले की बॅग उघडताना यायचा तो. लहानपणी मी त्या बॅगेत डोकं खुपसून बसायचे.

४ जून, बुधवार

आईला आडून आडून विचारलं, आजोबांची ती गोष्ट नक्की कशी होती? गुरव बातमी सांगून आला, पुढे काय?

पुढे काय म्हणजे, दुसऱ्या दिवशी तोच गुरव परत गेला. त्याच दारात उभा राहिला आणि आत्याला म्हणाला, रडू नको, तुझा बाप खुशाल आहे, मी खोटं बोललो. आत्याने त्याला दोन शिव्या घातल्या, मग चहा दिला. हा दुसरा निरोप गेला नाही तर पहिला खरा होतो. आणि तो दुसऱ्या कुणी सांगून चालत नाही. आई म्हणाली, ‘‘ज्या तोंडानं मारला, त्याच तोंडानं जित्ता करायला लागतो, बाय. आणि ज्याला सांगितलं त्यालाच सांगायचं.’’

मग तिने विचारलं, आज हे का आठवलं?

सहज, म्हटलं.

उद्या ताईंना सांगणार. नोकरी गेली तर गेली.

५ जून, गुरुवार

ताईंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी टेबलावर निमंत्रणाची छापील पत्रिका ठेवली होती. तिच्यावर विमान, त्याच्यापुढे मी, आणि खाली लिहिलंय की एका मुलीने आपल्या इंजिनियर वडिलांना त्यांचं आकाश परत दिलं. सूर्यकांतांनी ती वाचून आणखी पाच खुर्च्या घेतल्या. तुला पर्मनंट करायचं पत्र टाइप करायला दिलंय, म्हणाल्या. काय बोलायचं होतं तुला?

बाबांच्या खुर्चीवर हार मोगऱ्याचा ठेवायचा की झेंडूचा, असं मी विचारलं.

शी. शी.

१० जून, मंगळवार

आज सकाळी उद्घाटन. सगळं लिहायचंय.

ताई पुढे, मी मागे, माझ्यामागे सूर्यकांत आणि बाकीचे, असे वाकून एकेक आत शिरलो. खुर्चीवर बाबा बसले होते.

बाहेर जायचा पांढरा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. चपला काढून सीटखाली नीट लावलेल्या, पाय वर, मांडी घातलेली. कपाळ काचेला टेकलेलं. मागच्या बाजूने हार त्यांच्या खांद्यावर आला होता. मला वाटलं मलाच दिसतायत. पण ताई थबकल्या. आणि सूर्यकांत हळू आवाजात म्हणाले, हा कोण चढून बसलाय? चपला बघा.

बाबांनी मान वळवली. मला पाहून त्यांचा चेहरा इतका फुलला! खिडकीकडे बोट करून मला काहीतरी दाखवणार होते.

ताईंनी विचारलं, समिधा, तू ओळखतेस यांना?

मी नाही म्हणाले. मुसफ्फाचा कुणीतरी कामगार असेल, चुकून आला असेल.

बाबांनी ते ऐकलं. ते रागावले नाहीत. उलट गडबडले, जागा चुकली की माणूस गडबडतो तसे. ओशाळं हसले, पट्टा सोडला, सगळ्यांना हात जोडले आणि अंग चोरून मागे गेले, शेवटच्या रांगेपलीकडे. दार पुढे आहे. पुढच्या दारात आम्ही होतो. कुणीही खाली उतरलं नाही.

ताई म्हणाल्या, सिक्युरिटीला सांगायला हवं. मग फोटो काढले. चपला सीटखालीच राहिल्या होत्या. फोटोत येऊ नयेत म्हणून मी त्या पायाने आत सारल्या. बापाच्या चपला. पायाने.

११ जून

भावाचा, विघ्नेशचा फोन. काल सकाळी बाबा पडवीतल्या खुर्चीतून एकदम उठले. हात जोडून म्हणाले, चुकलं साहेब, मागं जातो. दोन पावलं टाकली आणि कोसळले. हॉस्पिटलात आहेत. श्वास चालू आहे, हाक मारली तर ओ देत नाहीत. मला रजा काढून ये म्हणाला. आणि म्हणाला, बाबांच्या चपला कुठे सापडत नाहीत, आईने सगळं घर शोधलं.

चपला माझ्या बॅगेत आहेत.

१२ जून

सांगितलं. ताईंना सांगितलं. सूर्यकांत तिथेच बसले होते, त्यांनाही. माझे बाबा जिवंत आहेत, मी खोटं बोलले.

ताई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते. होतं असं, म्हणाल्या. आई गेल्यावर त्याही वर्षभर तिला फोन लावत होत्या. उद्घाटनाचा ताण आला तुला. घरी जा, झोप. सूर्यकांतांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

त्यांना खरं वाटेना! मी फोन काढला. बाबांचा फोटो आहे माझ्याकडे — वर्कशॉपच्या दारातला, निळ्या कपड्यांतला, हातात वेल्डिंगचा मुखवटा. उघडला. सूर्यकांत वाकून बघायला लागले —

मी अंगठ्याने बंद केला.

जिवंत आहेत एवढंच सांगितलं. कोण आहेत ते नाही सांगितलं. म्हणून पोचलं नाही. अर्धा निरोप म्हणजे निरोपच नाही.

अजूनही लाजच वाटली. बाप मरतोय आणि —

१३ जून, दुपार

विमानात आहे. बाबांच्या शेजारच्या खुर्चीत. पट्टी काढायला आले होते. जहूर नमाजाला गेलाय, त्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला. स्क्रू फिरतात, गोल गोल फिरतात, बाहेर येत नाहीत.

चपला सीटखाली परत नीट लावल्या. हाताने.

विघ्नेशचा मेसेज — श्वास मंदावलाय, डॉक्टर म्हणतात जवळच्यांना बोलवा.

ताईंना फोन केला. सूर्यकांतांना घेऊन लगेच विमानात या म्हटलं. माझ्या वडिलांशी ओळख करून देते. ताई रडवेल्या झाल्या, आलेच म्हणाल्या.

मागच्या रांगेतून पावलं येतायत. अनवाणी.

बाबा आलेत. उभे आहेत. बसत नाहीत. खिडकी तुमचीच आहे म्हटलं, बसा. अंग चोरून बसले. चपलांकडे बघितलं, हसले.

पाय वर घ्या बाबा.

इंजिनं नाहीत या विमानाला. पत्रे आहेत. मग हे काय सुरू झालंय — खुर्ची थरथरते आहे — कानाला दडे —

माझा पट्टा मी नव्हता लावला.

बाबा म्हणतायत, माझ्यापायी काही बोलू नको, तुझा पाणउतारा होईल, त्यांना सांग कामगार आहे, मी मागनं उतरतो. नका उतरू. बसा. नका —

दारात ताई. मागे सूर्यकांत. त्यांना बाबा दिसतायत. सूर्यकांतांची नजर चपलांवर.

ताई विचारतायत, हे कोण?

तोंड उघडलंय. आवाज फुटत नाही. जीभ टाळूला — बाबा माझ्याकडे बघत नाहीत, मला लाज वाटू नये म्हणून खिडकीबाहेर बघतायत —

लिहून दाखवते. लिहून चालेल का. आई म्हणाली होती तोंडानं — ताई, इकडे बघा, हे वाचा —

हे माझे